ढगाची वाट पाहणारा ढोल

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे. वरातीत वाजतो तो नव्हे, दाणे भाजायचा. जाड पत्र्याचा, पोटाने गोल, आत तीन पाती असलेला. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात मला ठोकून घडवलं आणि अर्धं आयुष्य बाहेर काढून मी पुन्हा त्याच वागळेत, काही गल्ल्या सोडून, येऊन उभा राहिलो. आता माझ्यात कॉफी भाजतात. इथली माणसं मला ड्रम म्हणतात. ढोल म्हणणारी एकच होती, भीमाबाई. ती आता नाही. नाही, असं म्हणायचं.

भीमाबाई आणि तिचे यजमान चांगदेव यांची कळव्याला, चाळीच्या टोकाशी, शेंगदाण्यांची भट्टी होती. चांगदेव पोती आणत, जाळ घालत. मला फिरवायची ती. माझ्या कुशीला लाकडी मुठीचा दांडा होता आणि तिच्या तळव्याने ती मूठ नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झाली होती.

तिथे घड्याळ नव्हतं, ओव्या होत्या. एका घाण्याला पाच. दाण्याचा रंग बदलेपर्यंत एकच ओवी घोळवायची, मग पुढची. चौथीला जाळ कमी करायचा. आणि पाचवी म्हटल्याशिवाय माझं दार उघडायचं नाही, असा तिचा नेम. ती काढणीची ओवी. दाणा आपल्याला सोडून जातो, त्याला मुक्याने कसं धाडायचं, असं ती म्हणायची. मी फिरायचो, आत दाणे सर्र सरकून छम्म पडायचे आणि तिची ओवी त्या पडण्यावर पाय ठेवत चालायची. शेजारणी म्हणत, भीमाबाईपेक्षा तिचा ढोलच गोड गातो. तेव्हा मी फुलून जायचो, खोटं कशाला बोलू.

एका दुपारी ती चौथी ओवी म्हणत होती.

चौथी माझी ओवी गं, जाळाच्या फुलाला
दाणा आला रंगा, कळू दे ढोलाला.

दांड्यावरचा हात सैल झाला. ती छातीशी हात धरून खाली बसली. लोकांनी तिला उचलून नेलं. माझ्या पोटातला घाणा काळा ठिक्कर झाला आणि पाचवी ओवी राहिली ती राहिलीच.

चांगदेवांनी भट्टी मोडली आणि ते ठाकुर्लीला मुलाकडे राहायला गेले. मी ताडपत्रीखाली गंजत पडलो. माझ्या पोटात कोंबडीने अंडी घातली, मांजर व्यालं. ऊबच ती, पण मुकी.

मग तिची नात रचना आली. ऑफिसची नोकरी सोडून तिने वागळेत कॉफीचा छोटा कारखाना टाकला होता. तिने मला घासलं, तेल पाजलं. खाली गॅसची शेगडी आली, डोक्यावर छपरावर सोलरची पॅनलं. दांडा कापून नुसता खुंट ठेवला आणि पलीकडच्या कुशीला मोटार जोडली. बॅटरीचं पुढे बघू, असं ठरलं, म्हणून ऊन सरळ मोटारीत उतरतं. ऊन लख्ख असलं की मी भरधाव फिरतो आणि दाण्यांचा नुसता एकच घरघराट होतो.

पण मित्रांनो, ढग आला की मोटार मंदावते. मी हळू होतो. हाताने फिरवावं इतका हळू. मग दाणे पुन्हा सर्र सरकतात, छम्म पडतात. आणि जिथे माझा दांडा होता, तिथे कुणाचा तरी तळवा येऊन बसतो.

पहिल्यांदा ते ऐकलं कादंबरीने. ती इथे कॉफीची पाकिटं भरते.

"ताई, मी घाबरलेली नाही हां," ती रचनाला म्हणाली, "पण ह्याच्यात कोणतरी बाई गाते. आणि दरवेळी चौथ्यालाच तुटतं."

रचना हसली. पुढच्या ढगाला तिने स्वतः ऐकलं आणि ती हसायची थांबली. त्यानंतर आकाश भरून आलं की ती गॅस बंद करून बाहेर जाऊन उभी राही. रात्री झोप लागेना तिला. शेवटी तिने नवं यंत्र सांगितलं. शेजारच्या गाळ्यातला फिटर पंढरी मला कापून भंगारात देणार, असं ठरलं.

ही बातमी ठाकुर्लीला पोचली आणि आदल्या दिवशी चांगदेव काठी टेकत कारखाना बघायला आले. रचनाने त्यांना खुर्ची दिली, कॉफी दिली. एक घोट घेऊन ते म्हणाले, "करपलंय गं हे."

"आबा, ती तशीच असते."

"मग तुझ्या आजीने काळा केलेला घाणा उगाच फेकला आपण."

रचनाला हसू आलं, पण म्हाताऱ्याचे डोळे माझ्यावर होते. ते म्हणाले की कादंबरीने फोनवर सगळं सांगितलंय. भीमाचा आवाज आता आपल्याला आठवत नाही. चेहरा आठवतो, चाल आठवते, आवाज येत नाही. उद्या ढोल जाणार, तर आज एकदा ऐकून जातो.

रचनाने घाणा लावला. मी फिरू लागलो. पण दिवस पौषातला, आभाळ धुतलेल्या ताटासारखं. मी नुसता घरघरत राहिलो. चांगदेव दाराकडे बघत होते. ज्या गाळ्यात ढगाला शिव्या घालतात, तिथे एक माणूस ढगाची वाट पाहत बसला होता. दाणे तडतडू लागले. घाणा उतरायला आता थोडाच वेळ उरला होता. चांगदेवांनी काठी हातात घेतली आणि म्हणाले, राहू दे, तिच्या मनात नसेल.

रचनाने कॉफीची रिकामी पोती उचलली, लोखंडी जिना चढली आणि छपरावरच्या पॅनलांवर एकेक पोतं पांघरलं. ज्या आवाजाला ती भीत होती, त्याच्यासाठी तिने स्वतः सावली केली.

मी मंदावलो. सर्र. छम्म. तळवा आला. पहिली ओवी, दुसरी, तिसरी. गात होती ती का मी, मला खरंच ठाऊक नाही. चौथीला सूर तुटला.

चांगदेव उठले, कापलेल्या दांड्याच्या खुंटावर हात ठेवला आणि फाटक्या आवाजात म्हणाले,

पाचवी माझी ओवी गं, मोकळ्या सुपाला
उघड दार ढोला, दाणा निघाला जगाला.

जिन्यावरून उतरलेल्या रचनाने माझं दार उघडलं. घाणा एका अंगाने जळला होता, विकायच्या लायकीचा नव्हता. तिने त्यातले मूठभर दाणे आबांच्या ओंजळीत घातले. ते म्हणाले, "अशीच गायची. शेवटाला थोडी चिरकायची."

दुसऱ्या दिवशी पंढरी करवत घेऊन आला. रचनाने त्याला परत पाठवलं आणि जाताना लाकडी मुठीचा एक दांडा करून आणायला सांगितलं. नवं यंत्र आलं. ते पलीकडे उभं आहे, कामाला चोख आहे. मला ढगाळ दिवशी फिरवतात, हाताने.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू काढून टाकाल तेव्हा एवढंच करा. आधी तिच्यावर हात ठेवा आणि ऐका, तिच्यात कुणाचं काही म्हणायचं राहिलं आहे का. राहिलं असेल तर ते तुम्ही म्हणा. मग खुशाल दार उघडा.

आता रचना न चुकता पाचवी ओवी म्हणते. तरी आभाळ दाटून आलं की तिच्या हाताशेजारी, त्याच मुठीवर, अजून एक हात असतो. रचना आपला हात थोडा सरकवून त्याला जागा देते.