हात पोचेल तिथे नाव

स्मारक समितीच्या अध्यक्षांनी मला समजावलं, "ताई, स्मारक कसं लांबून नजरेत भरलं पाहिजे." मी म्हटलं, "लांबून बघायला ती काय पाण्याची टाकी आहे का, साहेब?" बाकीचे हसले. अध्यक्ष हसले नाहीत.

माझं शिवणकामाचं दुकान चौकात, युद्धस्मारकाच्या अगदी समोर. मशीनवरून मान वर केली की तो करडा दगडी खांब दिसायचा. त्यावर माझ्या दादाचं नाव आहे. तो ज्या लढाईत गेला, तिच्यात इथली जी पोरं गेली, त्यांतल्या एकाचंही शरीर परत आलं नाही. आईच्या वाट्याला आला तो हा दगड, बस्स.

या दगडाची गोष्ट समितीतल्या एकालाही ठाऊक नव्हती, आणि ऐकून घ्यायची इच्छा तर त्याहून नव्हती. खांब घडवणारा पाथरवट हट्टी माणूस. नावं कोरण्याआधी त्याने सगळ्या आयांना बोलावलं आणि सांगितलं, तुमचा हात जिथे सहज पोचतो तिथे ठेवा. प्रत्येकीच्या पंजाभोवती त्याने खडूने रेघ मारली आणि तिच्या मुलाचं नाव तिथेच कोरलं. म्हणून नावं ओळीत नाहीत. एक बाई चांगली उंच होती, तिचा मुलगा सगळ्यांच्या वर. एकीला उभंच राहवेना, ती खाली बसली, तर तिच्या मुलाचं नाव पार गुडघ्याएवढ्या उंचीवर. माझ्या आईने दगडावर छातीच्या उंचीला हात ठेवला होता. पुढे ती वयाने वाकत गेली आणि दादा तिच्या कपाळाशी आला. दृष्टी गेली तरी रोज सकाळी माझा दंड धरून यायची, त्याच्या नावावरून बोटं फिरवायची आणि मग दुकानात बसून मला बटणं चाचपून वेगळी करून द्यायची. त्या अक्षरांच्या कडा तिच्याच हाताने गुळगुळीत झाल्यात.

तर या शहाण्यांना ती नावं वेडीवाकडी दिसली. खांब बुटका दिसला. ठरलं काय, तर खाली पुरुषभर उंच, काळा चकचकीत चौथरा बांधायचा आणि त्याच्या डोक्यावर खांब चढवायचा. ऐकून माझं डोकंच फिरलं. गळ्यातली टेप तशीच ठेवून मी त्यांच्या कचेरीत गेले आणि पाथरवटाची सगळी हकिकत सांगितली. म्हटलं, "अंगाचं माप घेऊन शिवलेला कपडा आहे हा, साहेब. तुम्ही तो उसवायला निघालात. माझ्या आईचा हात तिथवर पोचणार कसा?"

"पायऱ्या करू की," अध्यक्ष म्हणाले. "आईंना मी स्वतः हात धरून चढवीन. शब्द देतो."

शब्द द्यायला यांच्या बापाचं काय जातं?

काम सुरू झालं, भोवती पत्रे ठोकले गेले. आई रोज विचारायची, "झालं का गं?" मी म्हणायची, "होतंय." दादाला वर चढवतायत, हे तिला कुठल्या तोंडाने सांगणार होते मी? पायऱ्या होतील या आशेवर गप्प बसले.

उद्घाटनाच्या दिवशी पत्रे निघाले. पायऱ्यांचा पत्ता नव्हता. इंजिनिअरला गाठलं, तर म्हणतो, पायऱ्यांमुळे फोटो चांगला आला नसता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अध्यक्ष माईकपाशी उभे होते. सगळ्यांदेखत त्यांना चार शब्द सुनावायचे म्हणून मी वळले, तेवढ्यात आईने माझा दंड सोडला. एवढ्या वर्षांची सवय, ती सरळ चालत गेली आणि कपाळाच्या उंचीवर हात टेकवला.

तिथे दादा नव्हता. तिथे चौथऱ्यावर, मोठ्या सोनेरी अक्षरांत, अध्यक्षांचं नाव कोरलेलं होतं.

आईची बोटं एकेक अक्षर चाचपत गेली.

"हा कोण गं?" तिने विचारलं. "आधी नव्हता. अक्षरं बोचतायत अजून. नुकताच गेला वाटतं बिचारा."

अध्यक्षांनी घाईने माईक बंद केला.

"याची आई आलीय का?" आईने विचारलं.

"आलीय," मी म्हटलं. कारण ती खरंच आली होती, लेकाचं कौतुक बघायला पहिल्या रांगेत बसली होती. आई म्हणाली, "मला तिच्याकडे ने." मी नेलं. थांबवता आलं असतं. नाही थांबवलं, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

आईने त्या म्हातारीचा हात चाचपून आपल्या हातात घेतला. "रोज येत जा," ती म्हणाली. "सुरुवातीला फार बोचतं. हात लावून लावून कमी होतं."

अध्यक्षांच्या आईने हात सोडवून घेतला नाही. मग ती लेकाकडे बघून म्हणाली, "ते नाव आत्ताच्या आत्ता काढ तिथून. आणि यांच्या मुलाला खाली आण."