डब्यावरचं गाव

टेरन्स पार्गिटरनं आयुष्यात थापा पुष्कळ मारल्या, पण नीट पचली ती एकच. त्याच्या बँडचं सगळ्यात गाजलेलं गाणं एका खेड्यावर होतं. तळं, तळ्यात चार बदकं, चर्चच्या घड्याळात पावणेचार आणि फाटकाला टेकून उभा असलेला एकटा माणूस. हे खेडं कुठलं, असं कुणी विचारलं की तो सांगायचा, "आमच्या आजोबांचं. डॉर्सेटमधलं." आजोबांनी जन्मभर लंडनच्या गॅस कारखान्यात कोळसा ओढला होता. ते खेडं होतं आजीच्या बिस्किटांच्या डब्यावर. बिस्किटं केव्हाच संपली होती. डब्यात आजी बटणं ठेवायची, आणि तिच्या ओल आलेल्या खोलीत लहानगा टेरी तासन् तास झाकणाकडे बघत बसायचा.

लोकांना फसवल्याचं त्याला काही वाटलं नव्हतं. गाणं विकणाऱ्यानं एवढं चालवून घ्यायचं असतं. पण बँडचा ड्रमवाला नॉर्मन टकवेलही त्या थापेवर विश्वास ठेवून बसला होता, आणि नॉर्मन अनाथाश्रमात वाढलेला. त्याला कुठलंच गाव नव्हतं. इस्पितळात शेवटच्या आठवड्यात तो म्हणाला, "टेरी, माझी राख तुझ्या त्या गावात नेऊन टाक. तळ्याकाठी." खरं सांगायची ती वेळ होती. टेरन्सनं मान डोलावली.

तेव्हापासून सात महिने नॉर्मन टेरन्सच्या कपाटात होता. शेवटी थाप इतकी जड झाली की एका मुलाखतीत रेडिओवर त्यानं डब्याचं खरं सांगून टाकलं. आठ दिवसांनी रेडिंगहून पत्र आलं. "ते झाकण मी रंगवलं होतं. चहाला ये, डबा घेऊन ये. आयव्ही स्क्रिव्हन्स." टेरन्सचा जीव भांड्यात पडला. बाईनं चित्र काढलं म्हणजे कुठलं तरी गाव बघूनच काढलं असणार. गाव खरं असेल तर त्याचा शब्दही खरा होणार होता.

आयव्हीबाई एकोणनव्वद वर्षांच्या होत्या. दार उघडून त्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तूच का तो? फोटोत केस होते."

"होते खरे."

"पाय पूस आणि आत ये. पिशवीत काय आणलंस, केक?"

"नॉर्मन आहे. आमचा ड्रमवाला."

"अगंबाई! मग खाली काय ठेवतोस त्याला? खुर्चीवर ठेव."

टेरन्सनं आजीचा डबा टेबलावर ठेवला आणि बसायच्या आधीच विचारलं, "आयव्हीबाई, हे गाव कुठे आहे?"

"गाव?" त्या हसल्या. "अरे राजा, एकोणीस वर्षांची पोर मी. डब्यांच्या कारखान्यात चित्रं काढायचे, आणि खिडकीतून समोर विटांची भिंत दिसायची. चर्च घेतलं कॅलेंडरवरून. तळं आमच्या बागेतलं. बदकं मला चारच जमली, म्हणून चार."

"आणि फाटकाजवळचा माणूस?"

"तो होय! ब्रश टपकला. साहेब ओरडला असता, म्हणून थेंबाला टोपी घातली."

टेरन्सनं समोरची खुर्ची ओढली. मग त्यानं सगळं सांगितलं, इस्पितळासकट. "माझ्यासमोर तो खोट्यावर विसंबून गेला, बाई. आणि मी तोंडातून शब्द काढला नाही."

आयव्हीबाईंनी झाकण जवळ ओढलं आणि चष्मा पुसला.

"खोटं कसं म्हणतोस? ती भिंत बघत बघत मी दोन महिने या गावात राहिले. तू आजीच्या खोलीतून इथंच यायचास. तो ड्रम वाजवता वाजवता आला. म्हणजे आपण तिघं गाववाले की रे." त्यांनी खुर्चीवरच्या पिशवीकडे मान वळवली. "आडदांड होता का?"

"नाही. लहानखुरा होता."

"मग मावेल."

बटणं एका वाडग्यात गेली. दोघांनी मिळून, वर्तमानपत्र पसरून, नॉर्मनला डब्यात ओतलं. थोडा सांडला, तोही गोळा केला. झाकण बसलं. मग आयव्हीबाईंनी जिन्याच्या कठड्याला लावून उरलेल्या तपकिरी रंगाची डबी आणली आणि ब्रश बुडवला. ब्रश टेकायच्या आधीच थेंब पडला, फाटकाच्या बरोबर शेजारी.

"बघ," त्या म्हणाल्या, "अजून तसाच पडतो." आणि त्यांनी थेंबाला टोपी घातली. फाटकाशी आता दोघं होते.

टेरन्सनं वाडग्यातली बटणं जवळ ओढली. सावकाश तो म्हणाला, "आजीच्या त्या खोलीत हे झाकण नसतं तर माझं काय झालं असतं, कोण जाणे. माझं सगळं आयुष्य तुमच्या हातचं आहे, बाई. हे सांगायला मी फार उशीर केला."

"मग आता गाऊन सांग. तुझं गाणं मी कायम माझ्या भाजीच्या दुकानातल्या रेडिओवर ऐकलं, आणि दर वेळी मध्येच कुणीतरी बटाटे मागायचं. पुरं एकदाही ऐकलं नाही."

"आवाज गेलाय माझा."

"माझे कानही गेलेत. गा."

टेरन्सनं घसा खाकरला, तोंड उघडलं आणि थांबला. "सुरुवात माझी नाही," तो म्हणाला. "आधी ड्रमचे चार ठोके असतात. नॉर्मनचे. त्याशिवाय मला गाणं कधीच उचलता आलं नाही."

आयव्हीबाईंनी ओल्या रंगाला धक्का लागू न देता डबा मांडीवर घेतला आणि त्याच्या कडेवर बोटांनी चार ठोके दिले. आतून भरीव आवाज आला.

टेरन्सनं गाणं उचललं.