स्वर्गातली कवळी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. दिवे मंद केलेले, आणि व्यासपीठावर पडद्यापुढे बसलेल्या बाबांच्या मोबाइलमधून मेलेली माणसं बोलत होती.

"अगं, सोड आता संसार. गोळ्या सोडल्यास, ते बरं केलंस. सरळ माझ्याकडे ये..."

वर्षापूर्वी वारलेल्या भावोजींचा, आक्काच्या नवऱ्याचा, हा आवाज. आक्का हात जोडून रडत होती. शेजारी बसलेल्या तिच्या धाकट्या भावाच्या अंगावर सर्रकन काटा आला, कारण आवाज हुबेहूब भावोजींचाच होता.

त्याची उभी हयात रेडिओत आणि मग टीव्हीत आवाज मुद्रित करण्यात गेली होती. सगळे त्याला कानसेन म्हणत. नोकरीला नवा असताना एक म्हातारी रेडिओ केंद्रात आली होती. "पेटीतला माणूस जेवतो कुठे?" तिनं विचारलं, तेव्हा तो पोट धरून हसला होता. पुढे फिती गेल्या, तबकड्या गेल्या, सगळं खिशातल्या मोबाइलात मावलं. आता त्या म्हातारीच्या जागी त्याची शिकलीसवरलेली बहीण बसली होती, आणि त्याला हसू येत नव्हतं. देवाशी त्याचं काही वाकडं नव्हतं. सकाळी तोही हात जोडायचा. पण हृदयाच्या गोळ्या बंद करायला देवानं त्याला कधी सांगितलं नव्हतं. आक्कानं मात्र मागच्या सभेत ह्याच आवाजाचं ऐकून त्या बंद केल्या होत्या, आणि जिन्याच्या चार पायऱ्यांत तिला धाप लागत होती.

"सरळ ये, सगळं सोपं आहे," मोबाइल म्हणाला, आणि कानसेनचे कान टवकारले. प्रत्येक 'स'वर बारीक शिट्टी वाजत होती.

तो ताडकन उठला. "भावोजी, कवळी अजून नीट बसत नाही का?"

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. मोबाइल अडखळला. मग हळूच म्हणाला, "इथे सुखच सुख आहे." दोन्ही सुखांवर शिट्टी वाजली.

बाबांनी डोळे मिटले. "बाळ, ती कवळी नव्हे, ब्रह्मांडाचा नाद आहे! सूक्ष्म देहाची क्वांटम स्पंदनं!"

"आक्का, कवळी कुठे आहे त्यांची?"

"कपाटात. डबीत," आक्का पुटपुटली. "मीच काढून ठेवली होती."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. दोन धिप्पाड सेवेकऱ्यांनी कानसेनच्या दंडांना धरून त्याला बाहेर काढलं. त्याच्या मागोमाग आक्का निघाली, धापा टाकत.

घरी त्यानं विचारलं, "नाव नोंदवताना त्यांनी काय मागितलं होतं?"

"ह्यांनी मोबाइलवर पाठवलेले आवाजी निरोप. आत्म्याची ओळख पटावी म्हणून."

"कवळी बसवल्यानंतरचेच?"

"तेवढेच होते माझ्याकडे."

त्यानं तेच निरोप आपल्या संगणकाला ऐकवले. "हे यंत्र आवाजाची नक्कल शिकतं. मग आपण टाइप करायचं, ते बोलतं. तिथे पडद्यामागे कुणीतरी बसून टाइप करतं. शिट्टी दातांची आहे हे यंत्राला कुठलं कळायला? तीही शिकलं बिचारं." त्यानं एक ओळ टाइप केली.

"मी ससा आहे. मला शिंगं फुटली," भावोजी शिट्टीसकट म्हणाले.

आक्काला हसू फुटलं आणि हसता हसता ती ढसाढसा रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "ह्यांच्याच आवाजात म्हणव ना, गोळी घे म्हणून. लगेच घेते."

त्याचा हात कळफलकाकडे गेला. किती सोपं होतं! त्याला स्वतःचीच भीती वाटली, आणि त्यानं संगणक बंद केला.

"नाही, आक्का. आज मी म्हणवीन, उद्या आणखी कुणी म्हणवेल. डॉक्टरांना फोन लाव. पटेपर्यंत प्रश्न विचार त्यांना, आणि मग तूच ठरव."

तिनं फोन लावला. डॉक्टरांनी ताबडतोब बोलावलं, तशी ती भावाच्या खांद्याचा आधार घेत जिना उतरली.

ते सभागृह दुसऱ्या दिवशीही खच्चून भरलं. तुमच्या माणसाचा आवाजही कुणाच्या तरी यंत्रात असू शकतो. आठवण आली तर पोटभर रडा, त्यात लाज कसली? पण तो आवाज हुकूम सोडू लागला, की डोळे पुसा आणि आधी पडदा बाजूला करून बघा.