पाच किलोचं जादा वजन

बसलिंगप्पांच्या जीपचं मागचं दार दोन वर्षं कुदळीच्या दांड्यावर उभं होतं. खरं तर ती जीप नव्हे. बारा वर्षांची, रंग उडालेली, डिक्की वर उघडणारी मोठी गाडी. पण देवणीत उंच गाडी दिसली की ती जीपच. डिक्की उचलायची, दांड्याचा टेकू द्यायचा, पोती उतरवायची आणि दांडा काढताना डोकं वाचवायचं, असा त्या घरचा रिवाज पडून गेला होता. फेब्रुवारीत दांडा निसटला आणि दार त्यांच्या बायकोच्या, अव्वाच्या खांद्यावर बसलं. आठ दिवस तिला केसांत फणी घालता आली नाही. तरी अप्पा म्हणाले, "वय झालं गाडीचं. या वयात हात वर राहतेत का कुणाचे?"

त्यांच्या लेकीला, रुद्राणीला हे उत्तर पटण्यासारखं नव्हतं. नांदेडहून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. होऊन ती नुकतीच घरी आली होती, आणि वस्तू का बिघडते हे कळल्याशिवाय तिला जेवण जात नसे. तिनं दाराच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या बघितल्या. मेकॅनिक लोक त्यांना डिक्कीचे शॉकअप म्हणतात. आत दाबून भरलेला नायट्रोजन असतो, तो दांडी बाहेर ढकलतो आणि दार तोलून धरतो. या दोन्हींतला वायू कधीच निघून गेला होता.

ते साल दुष्काळाचं. लातूरला पिण्याचं पाणी रेल्वेनं येत होतं. खेड्यांना कोण रेल्वे आणणार? खेडी बोअर पाडत खाली खाली जात होती. तीनशे फूट, पाचशे, सातशे. जेवढ्या खोलीचं पाणी, तेवढं त्यात खडकातलं काय काय विरघळलेलं. रुद्राणीच्या सरांनी तिला कॉलेजचं एक यंत्र पंधरा दिवसांसाठी दिलं होतं. पाण्यात फ्लोराइड किती, नायट्रेट किती, ते त्यावर समजायचं. पंधरा दिवसांत जमतील तेवढ्या गावांचं पाणी तपासायचं, असं तिनं ठरवलं होतं. वहीत गावं लिहिलेली होती. पहिलं गाव कमलम्मांचं.

कमलम्मा चौदा किलोमीटरवरच्या गावात आरोग्य खात्याच्या आशाताई होत्या. म्हशीला पेंड न्यायला त्या अप्पांच्या दुकानात यायच्या. "नवीन नऊ बोअर पाडलेत आमच्यात," त्या म्हणाल्या होत्या. "पाणी लागलं खरं, पण डाळ शिजंना. लेकरं पोट धरून बसतेत. पिण्यासारखं कोणतं हाय, एवढंच सांग बाई."

"सोमवारी येते," रुद्राणी म्हणाली आणि तिनं अप्पांकडे बघितलं.

अप्पांनी सरकीचं माप बाजूला ठेवलं. तराजूच्या दांडीवर हात ठेवून बोललेला शब्द बसलिंगप्पा मोडत नाहीत, हे मोंढ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी तसाच हात ठेवला. "डिक्की आपल्या जिवावर उभी करून दाव. त्या दिवसापासून जीप तुझी, पंधरा दिवस. दांडा घेऊन पोरीनं गावोगाव हिंडलेलं मला चालायचं न्हाई."

कमलम्मा हसल्या. "ऐकलं हां मी, अप्पा."

रुद्राणी कामाला लागली. दुकानातला लटकता काटा डिक्कीच्या मुठीला अडकवून तिनं दार तोललं. बिजागरीपासून मुठीपर्यंतचं अंतर मोजलं, शॉकअपची उघडी लांबी, मिटलेली लांबी, दांडीची जाडी, सगळं लिहून काढलं. अप्पा तिच्या मागं येऊन उभे राहिले.

"आणखी पाच किलो धरंल असं बघ."

"कशाला, अप्पा?"

"राहू दे की जादा. उन्हाचं कुठं बसून तपासणार तू? दाराला कापड-बिपड बांधशील. बांबू लावशील."

तिला बरं वाटलं. उन्हाचा विचार तिनं केला नव्हता. तिनं आकडेमोड पुन्हा पहिल्यापासून केली. दाराच्या टोकाला पाच किलो म्हणजे शॉकअपवर त्याच्या कितीतरी पट जोर. चारशे न्यूटनचे पुरणार नाहीत, पाचशेचे लागतील.

शनिवारी ती एसटीनं नांदेडला गेली. देगलूर नाक्यावर पिराजी नावाच्या माणसाचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. त्यानं तिचा कागद उलटसुलट बघितला.

"ताई, एकच घेऊन जावा. एक नवा, एक जुना. निभतंय."

"दार पिळतं मग. जोडीच हवी."

"जोडी लग्नातबी जुळंना झाली, आन् तुम्ही डिक्कीला मागून राहिल्या!" पिराजी फळीवर चढला. "पण या गाडीला चारशेचे बसतेत. पाचशेचे कशाला?"

"टोकाला पाच किलो लटकणार आहेत."

"काय लटकणार?"

"सावली," रुद्राणी म्हणाली.

"सावलीचं बी वजन असतंय का? शिकल्याल्या माणसांचं काय खरं न्हाई," असं म्हणून त्यानं दोन्ही शॉकअप वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. शिकवणीच्या पैशातून तिनं ते घेतले.

रविवारी दुपारी तिनं दाराला दांडा लावला आणि अव्वाला सावधगिरीसाठी हात लावून उभं केलं. सपाट पेचकसानं क्लिप उचकटली, जुना शॉकअप त्याच्या टोकाच्या लोखंडी गोळीवरून ओढून काढला. नवा बसवताना बारीक दांडी खाली ठेवली; आतलं थोडं तेल तोंडाशी राहतं आणि रबर सुकत नाही. खट्‌ असा आवाज आला. मग दुसरा. खट्‌.

"उद्या सकाळी लवकरच निघणार का तू?" अव्वानं विचारलं.

"ऊन चढायच्या आत. का गं?"

"न्हाई, इचारलं." अव्वा दाराकडे बघत होती.

रुद्राणीनं दांडा काढला. दार हललं नाही. अप्पांनी दुकानातलं पाच किलोचं लोखंडी माप आणून मुठीला बांधलं. तरीही दार जागचं हललं नाही. अप्पांनी घड्याळ बघितलं. "तासभर राहू दे असंच," ते म्हणाले, आणि तासाभरानं परत येऊन त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली. असली थाप तिला पदवीच्या निकालालाही मिळाली नव्हती.

सोमवारी सकाळी सात वाजता ती निघायला म्हणून परसात गेली. आदल्या रात्री तिनं नऊ धुतलेल्या बाटल्या थर्माकोलच्या डब्यात घालून जीपमध्ये ठेवल्या होत्या. जीप परसात नव्हती.

जीप दुकानासमोर रस्त्यावर उभी होती. डिक्की उघडी. दाराच्या आतल्या बाजूला, टोकाला, लाउडस्पीकरचे दोन कर्णे पट्ट्यांनी आवळलेले. खाली कापडी फलक: उदगीर जिल्हा झालाच पाहिजे. तिचा मोठा भाऊ वीरभद्र माइकची तार सोडवत होता. थर्माकोलचा डबा दुकानाच्या पायरीवर उन्हात ठेवलेला होता.

"अण्णा, हे काय करतोयस?"

"जिल्हा कृती समितीचा दौरा. बत्तीस गावं, वीस दिवस. गाडी आपल्याकडून." वीरभद्रानं दाराला धक्का दिला, दार तसूभरही लवलं नाही. "लई भारी बसवलंस गं! मागच्या खेपेला भाषणात दार पडलं असतं तर समिती तिथंच आटोपली असती."

"यंत्र पंधराच दिवस आहे माझ्याकडे."

"जिल्हा झाला की पाण्याची मोठी लॅब इथंच येणार. पहिली नोकरी तुलाच. आपल्याच माणसांची सत्ता असंल तेव्हा."

रुद्राणीनं त्याचं अर्धंच ऐकलं. ती कर्ण्यांकडे बघत होती. तिच्या डोक्यात आकडा आपोआप जुळत होता. ती दुकानात शिरली. अप्पा गल्ल्यावर बसले होते, दोन गिऱ्हाइकं पेंडीची वाट बघत होती.

"अप्पा, एक कर्णा किती वजनाचा?"

"कशाला इचारतीस?"

"पट्टीसकट अडीच किलो ना?"

अप्पांनी सरकीत हात घातला आणि काढला. "हाव. अडीचला थोडा कमी."

"तुम्ही तोलून बघितलेत."

"बघितले."

"कधी?"

"गुरुवारी."

गुरुवारीच त्यांनी तिच्या मागं उभं राहून उन्हाचं, कापडाचं सांगितलं होतं. काटा तोच. एकदा तिच्या हातात, एकदा यांच्या.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं. दांडीवर हात ठेवला तेव्हाही?"

"तेव्हा नव्हतं. तेव्हा खरंच तुलाच द्यायची होती." अप्पांचा आवाज खाली आला. "मग समितीची माणसं आली. वीरभद्राला नाव पुढं करायचंय. तुला आधी सांगितलं असतं तर तू इतक्या मनापासून केलं असतंस का?"

गिऱ्हाइकांपैकी एक जण खोकला. अव्वा आतल्या दारात उभी होती. "आत ये, चहा घे," ती म्हणाली. रुद्राणीनं तिच्याकडे बघितलं, आणि अव्वानं नजर पदराकडे नेली. तिच्या कालच्या प्रश्नाचा अर्थ आता कळला.

बाहेर कर्णे खरखरले. "हॅलो, हॅलो. ही डिक्की, बांधवांनो, माझ्या सख्ख्या बहिणीनं स्वतःच्या हातानं बसवलेली हाय!" चौकातल्या चार माणसांनी टाळ्या वाजवल्या. ज्या दारावर आवाज बांधला होता, त्याचा एक न्यूटनही वाया गेला नव्हता.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. कमलम्मा.

अव्वा घाईनं पुढं झाली. "गाडी बिघडली म्हण. चार दिवसांनी येते म्हण."

"निघालीस का गं, पोरी?" कमलम्मांच्या मागं बायकांचा गलका ऐकू येत होता. "समद्यांना सांगून ठेवलंय. नऊबी बोअरवर माणूस उभं हाय."

"कमलम्मा, गाडी चांगली आहे," रुद्राणी म्हणाली. अप्पांनी मान वर केली. "गाडी अप्पांनी दुसऱ्या कामाला दिली. मी बसनं येते."

पलीकडे गलका तसाच होता. कमलम्मा म्हणाल्या, "बस फाट्यापर्यंतच येती. फाट्यापासून पाच किलोमीटर चालायचंय."

"माहीत आहे. म्हणून यंत्र आणता येणार नाही, पाणी घरी आणून तपासते. सगळ्या बाटल्या होणार नाहीत. पाणी गार ठेवायच्या बर्फासकट चार आणता येतील, भरून परत नेता येतील. चारच. उद्यापासून वहीतली पुढची गावं आहेत."

"नवातल्या चार?"

"हो."

"कोणत्या चार?"

रुद्राणीकडे वही होती, वहीत नऊ नंबर होते, प्रत्येकापुढे खोली लिहिलेली होती. सर्वांत खोल आधी, की ज्यातून जास्त लोक पितात ते आधी? तिला हे एका वाक्यात सांगता येईना. ती बाटल्या डब्यातून काढून पिशवीत भरू लागली. फोन खांद्याशी दाबलेला होता.

"शाळेपुढची धर," शेवटी कमलम्माच म्हणाल्या. "मारुतीच्या पाराजवळची. खालच्या आळीतल्या दोन." मग हळूच, "माझ्या दारातली राहू दे."

"त्या बोअरचं पाणी कोण कोण पितं?"

"आम्ही पाच घरं," कमलम्मा म्हणाल्या. "सुनबाईचं बाळ हाय दोन महिन्यांचं. ते काय अजून वरचं पाणी पीत न्हाई."

रुद्राणीनं पाचवी बाटली हातात घेतली, पिशवीचं वजन एकदा उचलून बघितलं, आणि बाटली परत डब्यात ठेवली.