पाद्री एव्हलोगींचे वारस

या गावात माणसं वर्तमानपत्र वाचत नाहीत, खांबावरच्या मरणचिठ्ठ्या वाचतात. माणूस गेला की एक चिठ्ठी, चाळिसाव्या दिवशी दुसरी, मग दर वर्षी नवी. म्हणून वाचनालयाच्या झ्लातिनाने आपली सूचनाही त्याच खांबाला डकवली. वर पाद्री एव्हलोगींचा फोटो, खाली, "यांच्या वारसांनी रविवारी वाचनालयात यावे."

साठ वर्षांपूर्वी गेलेल्या पाद्रीबुवांचं संतांच्या गाण्यांचं एक पुस्तक होतं. चाली आता एकट्या वेलिकाआत्याच्या गळ्यात उरल्या होत्या, आणि आत्या नव्वदीची. पुस्तक गावातल्या गाणाऱ्या पोरींच्या हाती पडलं तर त्या आत्याकडून चाली शिकतील, नाहीतर चाली आत्याबरोबर मातीत जातील. पण ते पुन्हा छापायला छापखानेवाला अडून बसला होता. "वारसांची सही आणा, नाहीतर वारस नाहीत असं लेखी आणा. मला कोर्टाची पायरी चढायची नाही."

रविवारी खांबाने आपलं काम चोख केलं. श्राद्धच आहे असं समजून चाळीसेक माणसं श्राद्धाला वाटायच्या उकडलेल्या गव्हाचे वाडगे घेऊन हजर!

"माझे चुलत आजोबा हो!" क्रस्त्यू खाटकाने हुंदका दिला.

"तुझे कुठून? ते आमच्या आईकडचे!" दोब्रिन्का त्याच्यावर खेकसली. "घरबिर ठेवलंय का गं त्यांनी?"

"बाबांनो," कोपऱ्यातून वेलिकाआत्या म्हणाली, "पोलीस त्यांच्या मागे होते तेव्हा तुमच्या घरचे त्यांना बघून रस्ता बदलायचे. आज बरं रडू फुटलं!"

"एक पुस्तक ठेवलंय," झ्लातिनाने जुनी प्रत पुढे केली. "वाचा आणि सही करा."

क्रस्त्यूने पुस्तक चाळलं आणि शेवटच्या पानावर त्याचं रडणं थांबलं. तिथे पाद्रीबुवांनी गावासाठी क्षमा मागितली होती, नावानिशी. चर्चची घंटा विकणारा खाटीक पेत्को. मेणबत्त्यांत चरबी मिसळणारा दिमो. पोलिसांकडे चुगली करणारी ग्रोझ्दा.

पेत्को म्हणजे क्रस्त्यूचा आजा. ग्रोझ्दा म्हणजे दोब्रिन्काची आई.

"हे पान फाडा," क्रस्त्यू म्हणाला. "मग सही."

झ्लातिनाचा हात पानाकडे गेला. एक पान फाटलं तर बाकी सारं छापून होत होतं.

"ते पान नाही, शेवटचं गाणं आहे," आत्या म्हणाली. "ते फाडलंत तर मी एकही गाणार नाही."

झ्लातिनाने हात मागे घेतला आणि दुसरा कागद पुढे सरकवला. "मग लिहून द्या, ते तुमचे कुणी लागत नाहीत."

वारस म्हणून सही करावी तर घरचं पाप आपणच छापल्यासारखं होणार; पेनासाठी झुंबड उडाली. आत येताना जो तो सख्खा होता, बाहेर पडताना पाद्रीबुवा कुणाचेच नव्हते. वाडगेही जसेच्या तसे घरी गेले.

संत दिमितारच्या सणाला पोरींनी नव्या पुस्तकातून शेवटचं गाणं उचललं. प्रत्येक नावानंतर जमलेल्यांनी "देवा, क्षमा कर" म्हणायचं, ही इथली रीत. पेत्कोचं नाव आलं. न म्हणावं तर शेजारी बघणार.

सगळ्यांत मोठा आवाज क्रस्त्यूचा होता. वेलिकाआत्याने डोळे मिटले आणि पुढचं नाव उचलायला पोरींना मानेनेच खूण केली.