पाटी डोक्यावर, मी छातीत

मी एक पेसमेकर आहे, आणि मित्रांनो, वयाने आता जुन्यांत जमा. पण अजून एकही ठोका चुकवलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कफ परेडच्या मच्छीमार नगरात राहणाऱ्या आनंदीबाईंच्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत माझा मुक्काम आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे धुळीचा कण नव्हता आणि गप्पा मारायला कुणी नव्हतं. तिथून आलो तो थेट या मासे विकणाऱ्या, भांडखोर आणि मायाळू बाईंकडे. नशीब काढलं मी!

आनंदीबाईंचं हृदय थकलं होतं. त्याच्या दोन बाजू एका वेळी काम करत नव्हत्या. एक पुढे, तर दुसरी रेंगाळत मागून. पाय सुजायचे, आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा. मी माझ्या बारीक तारांनी दोन्ही बाजूंना एकदम ठोका द्यायला लागलो आणि सूज उतरली. शेजारणी मुद्दाम बघायला आल्या. डॉक्टरांनी माशांची हलकी पाटी उचलायची परवानगीही दिली.

आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. घरात सगळं ठीक, पण गिरगावात खोताच्या वाडीत पाटी घेऊन शिरलं की अर्ध्या गल्लीतच धाप. हाळी द्यायला श्वास उरेना. मुलगा अजित म्हणाला, "आई, बस झालं आता. पाटी शेजारच्या रखमाकाकीला देऊन टाक."

आनंदीबाईंनी रिकामी पाटी जवळ ओढून घेतली. पाटी गेली की घरोघरची ओळख जाणार, रोजची भांडणं जाणार, मग उरणार काय? शेवटचा उपाय म्हणून अजित त्यांना परळच्या एका दवाखान्यात घेऊन आला.

तिथे श्रेया होती. माझ्यासारख्या यंत्रांची तपासणी तिच्याकडे. छातीवर एक चकती ठेवायची, की पडद्यावर माझं सगळं पोट उघडं! तिने आनंदीबाईंना चालायला लावलं. त्या हात हलवत चालल्या, मी ठोके वाढवले.

"छान चाललंय की, मावशी."

"मंग वाडीत मना धाप का लागते?"

श्रेयाने विचारलं, "तिथे चालताना हात मोकळे असतात?"

"मोकले? अगो बाय, एक हात पाटीला! न् मान हालवली तं बर्फाचं पानी डोल्यान येल ना!"

श्रेया चमकली. तिने एक टब मागवला, त्यात सलाइनच्या बाटल्या ठेवल्या, टॉवेलची चुंबळ केली. टब डोक्यावर घेऊन आनंदीबाई निघाल्या.

मित्रांनो, मला डोळे नाहीत. अंग हललं की बाई चालतायत असं समजून मी ठोके वाढवतो. पण डोक्यावर पाटी आली की आनंदीबाईंचं वरचं अंग समईसारखं स्थिर! पाय झपाझप चालले होते आणि मला वाटत होतं, बाई खुर्चीत बसल्यात.

"सापडलं!" श्रेया ओरडलीच. डॉक्टरांना विचारून तिने माझी जाणीव तीव्र केली. आता बारीकशा हालचालीलाही मी जागा होणार होतो. ना चीर, ना टाका.

टब पुन्हा डोक्यावर. या खेपेला पहिल्या पावलांनाच मी ठोके वाढवले. आनंदीबाई टोकापर्यंत गेल्या, वळल्या, न थांबता परत आल्या.

"दम लागला, मावशी?"

"कसला दम? अजून दोन बाटल्या टाक!"

अजितने डोळे पुसले आणि रखमाकाकीचं नाव पुन्हा काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी खोताच्या वाडीत आनंदीबाईंची हाळी लाकडी माड्यांपर्यंत खणखणीत पोचली. प्रिती नावाच्या गिऱ्हाइकाने खाली येऊन चुकून विचारलं, "ताजे आहेत ना?" झालं! एका दमात आनंदीबाईंनी तिला जे काही ऐकवलं, ते सगळी गल्ली ऐकत होती. प्रितीही हसू लागली. मला तर छाती फुगवावीशी वाटली, पण ती आनंदीबाईंचीच फुगली होती.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाच्या छातीत माझा भाऊबंद असेल, तर त्याला वेळच्या वेळी तपासणीला न्या. आणि तिथे मोकळेपणाने सांगा, की तुमचं माणूस काय उचलतं, कसं चालतं, कुठे थांबतं. आम्ही इमानी आहोत, पण सांगितल्याशिवाय आम्हाला कळत नाही.

थांबा, पाटी चढली डोक्यावर. कळलं मला!