कोरी टेप

भिंगरीचं खरं नाव हॉस्पिटलात कुणाच्या तोंडी नव्हतं. सतत गरगर फिरत कामं उरकायची, म्हणून भिंगरी. ऑपरेशनची हत्यारं धुवायची, त्यांचा सेट कापडात बांधायचा आणि वाफेच्या यंत्रात तापवायचा, हे तिचं नि तिच्या सख्ख्या मावशीचं काम. सेटवर पांढरी टेप लावायची. वाफ नीट लागली की टेपवर काळे पट्टे उमटतात. पट्टे बघितल्याशिवाय सेट आत पाठवायचा नाही, हे मावशीनंच तिच्या डोक्यात ठोकून बसवलेलं.

कायदा बदलला आणि गर्भपाताची हत्यारं कपाटात कुलूपबंद झाली. पुढच्याच महिन्यात भिंगरीची ताई घरातल्या मोरीत रक्त जाऊन मेली. दवाखान्यांनी आधीच हात वर केले होते. तेव्हापासून भिंगरीनं धसका घेतला. मूल तिला तसंही कधीच नको होतं. आणि आता तिशीच्या आतल्या बायकांची नसबंदीही बंद होणार होती, आज दुपारी बारापासून. भिंगरी जेमतेम तेवीसची.

डॉक्टरीणबाई आधी दादच देईनात. "उद्या मन बदललं, तर माझ्याच नावानं बोटं मोडशील."

"ताईला तर बोटं मोडायलाही वेळ मिळाला नाही, बाई."

बाईंनी ऑपरेशनची यादी पुढे ओढली. सकाळचं शेवटचं ऑपरेशन तिचं ठरलं.

"तुझा सेट मी लावते," मावशी म्हणाली. "आज तू पेशंट. गुमान पडून राहा." आईमागे जिनं वाढवलं, तिचं काम काय तपासायचं? भिंगरी आयुष्यात पहिल्यांदा टेप न बघता आत गेली.

सिस्टरनं सेट उचलला आणि ती थबकली. "बाई, टेप कोरीच आहे."

"दुसरा सेट आण."

"एकच होता. बाकीचे सरकारी माणसांनी कालच नेले."

यंत्राला तासभर लागतो. बाईंनी घड्याळ पाहिलं, साडेअकरा वाजून गेले होते. त्यांनी हातमोजे उतरवले. "पोरी, बारानंतर तुला हात लावला तर मी तुरुंगात जाईन."

मावशी दारातच उभी होती.

"यंत्र लावायला विसरलीस?" भिंगरीनं विचारलं.

"मी कधी काही विसरले का गं?" मावशीचे डोळे भरून आले. "ताई गेली. घर कसं खायला उठतंय. एखादं लहान मूल नको का घरात?"

"आणि मीही तिच्यासारखी गेले तर?"

"असं अभद्र बोलू नये," मावशी म्हणाली, आणि तिनं मायेनं भिंगरीच्या पोटावर हात ठेवला. तो हात झटकून टाकायचं भिंगरीच्या फार मनात होतं, पण ती गुमान पडून राहिली.